ओढ्याकाठी, बॅटरी विझवून

आषाढ. कोयनेच्या अंगाचा ओढा. पाऊस थांबला तरी झाडं तासभर निथळत राहतात. बेडकाचा आवाज कुठला आणि पानांवरची टपटप कुठली, हे कान बसेपर्यंत कळत नाही. बॅटरी विझवून थांबायचं. जळवा थांबत नाहीत.

*

बॉम्बे नाइट फ्रॉग. राहतो सह्याद्रीत, नावात मुंबई. शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी यांनी ठेवलेलं. हा हुमायून बादशहा नव्हे, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर त्यांनी कडाडून लिहिलं होतं; १९८७ मध्ये बंदी आली. त्या तंगड्या भातखाचरांतल्या थोराड बेडकांच्या. या सुरकुतल्या जीवाकडे खाटकानंही पाहिलं नसतं.

*

उजेडात डोळा दिसला. बाहुली पत्त्यातल्या चौकटसारखी. कानाचा पडदा कातडीखाली दडलेला.

*

बेडकाची मिठी म्हणजे घट्ट पकड. नर मादीला मागून आवळतो, अंडी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. या पकडींचे सहा प्रकार माहीत होते. सातवा २०१६ मध्ये जाहीर झाला, तो याच बेडकाचा, कोयनेजवळच्या हुंबरळीतला. दिल्ली विद्यापीठाच्या एस. डी. बिजूंच्या चमूनं २०१० ते २०१२ या काळात चाळीस रात्री ओढ्याकाठी काढल्या होत्या.

पाण्यावर झुकलेल्या पानावर बसून नर साद घालतो. मादी आली की तिच्या पाठीवर चढतो, पण धरत नाही. हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो. पाठीवरच शुक्रजल सोडतो. मादी पाठीला बाक देते, तो उतरतो. अंडी ती नंतर घालते, त्याच्याशिवाय. पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळत आलेलं शुक्रजल अंड्यांवर पडतं आणि काम होतं. म्हणजे ओघळ हाच दुवा. पावसाळी काळोखात, निथळत्या पानावर इतकं नाजूक गणित! मला तर पान सोडाच, कातळावर धड उभंही राहता येत नव्हतं.

मादीही बोलते, हे वेगळंच. बहुतेक बेडकांत बडबड नरांची.

*

अंडी फुटली की डिंभक थेट खालच्या पाण्यात पडतो. पान निवडताना चुकलं तर दुसरी संधी नाही.

*

आठवडाभर उघडीप. पुन्हा तोच ओढा. पानावर अंड्यांचा पुंजका, आत काळे ठिपके हलताहेत. पानाखाली ओला कातळ. पाणी हातभर बाजूला सरकलंय.