खुर्च्या कुठे ठेवणार?

संस्थेच्या ठरावात शब्द होता ‘बहुउद्देशीय सभागृह’. तालुक्याच्या गावातली जुनी संस्था. वाचनालय, गाण्याचे वर्ग, दिवाळी पहाट, हौशी नाटकं, रक्तदान शिबिर आणि खर्च भागावा म्हणून अधूनमधून साखरपुडे. कार्यवाह म्हणाले, “मॅडम, सगळं एकाच हॉलमध्ये बसवा.” मी तेव्हा नवखी वास्तुरचनाकार होते. नकाशात मधोमध घडीची सरकती भिंत आखली. ओढली की एकाचे दोन हॉल. कागदावर झकास दिसली.

पहिल्याच पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि भिंत अर्ध्यावर अडकली. धड होती तेव्हा तरी काय, पलीकडचा तबला अलीकडच्या व्याख्यानाला ठेका देत असे. शेवटी ती कडेला ढकलून कायमची बंद केली. आता तिच्यावर सूचना चिकटवतात.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात असलं काही नव्हतं. ते नाटकासाठी बांधलेलंच नव्हतं. तरी १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं तिथं प्रायोगिक रंगभूमी जागती ठेवली. साधा हॉल, प्रेक्षक कुठं बसणार आणि नट कुठं उभे राहणार, हे नाटक ठरवायचं. वास्तुरचनाकार म्हणून हे कबूल करणं जरा जड जातं.

पुढच्या संस्थेत मी पहिल्या बैठकीतच विचारलं, “खुर्च्या कुठे ठेवणार?” विश्वस्त एकमेकांकडे बघू लागले. पण खरा प्रश्न तोच. बैठकीच्या गाण्याला सतरंज्या, गाद्या, लोड लागतात, म्हणजे दोनशे खुर्च्या जायला हव्यात. जागा नसली की त्या जिन्याखाली, विंगेत आणि हमखास संकटकाळच्या दारासमोर रचल्या जातात. बाराशे चौरस फुटांच्या हॉलला मी दीडशे फुटांची कोठी मागितली. हॉलच्या लांब बाजूला लागून, दोन झडपांच्या दाराची, बिनउंबऱ्याची, म्हणजे खुर्च्यांची चळत ढकलगाडीवरून थेट आत जावी. “दीडशे फूट अडगळीला?” असा सूर निघालाच. देणगीदार मिळेना हेही खरं. कोठीच्या दारावर आपल्या वडिलांचं नाव कोणाला हवं असतं?

बाकी फारसं काही केलं नाही. जमीन सपाट ठेवली, पक्का रंगमंच बांधला नाही. आठ बाय चारच्या प्लायवूडच्या शीटचे दोन तुकडे करून चार बाय चारच्या लेव्हल्स केल्या, दोघांना उचलता येतील अशा. गाण्याला खोलीचा थोडा घुमारा लागतो, भाषणाला तो नडतो. म्हणून भिंतींपुढे जाड पडदे, गाण्याच्या दिवशी बाजूला सारायचे. प्लग चारही भिंतींवर.

भांडले ती दारासाठी. पणजीची कला अकादमी पाहिली असेल तर आठवा. चार्ल्स कोरियांनी तिथं भव्य दरवाजा उभा केला नाही. रस्त्यावरचा माणूस सावलीखालून चालत कधी आत येतो आणि मांडवीकडे निघतो, ते त्यालाही कळत नाही. आपल्याकडच्या संस्थांत मात्र आधी फाटक, मग रखवालदार, मग पायऱ्या, आणि वर चपलांचा ढीग. चपला कुठं काढायच्या हे ज्याला कळत नाही, तो तिथूनच परत फिरतो.

जोतं तीन फूट ठरलं होतं, रुबाबासाठी. बाराला एक या उतारानं त्याला छत्तीस फुटांचा रॅम्प लागला असता. तो इमारतीमागे, कचऱ्याच्या पेट्यांजवळून गेला असता. जोतं दीड फुटावर आणलं, रॅम्प अठरा फुटांचा झाला, आणि तीच सगळ्यांची वाट केली. पायऱ्या ठेवल्याच नाहीत. रस्त्याच्या बाजूला सोळा इंच उंचीचा लांब कट्टा बांधला, छप्पर त्याच्यावर पुढे काढलं. चपलांची मांडणी त्याच्याच पोटात.

बाजाराच्या दिवशी कट्ट्यावर भाजीवाल्या बसू लागल्या, तेव्हा एका विश्वस्तांनी रेलिंगचं अंदाजपत्रक मागितलं. मी ते दिलं नाही. त्यातल्याच एकीची नात पुढे पेटीच्या वर्गाला यायला लागली.

गेल्या महिन्यात तिथं गेले होते. हॉलमध्ये नाटकाची तालीम, वरच्या खोलीत चित्रकला. तबल्याचा वर्ग कोठीत भरला होता. खिडकी नाही, आवाज बाहेर जात नाही, म्हणून गुरुजींना ती जागा पसंत पडली आहे. खुर्च्या बाहेर व्हरांड्यात होत्या.