पेन्सिलीतली खुर्ची

नाटकाच्या बुकिंग खिडकीत पूर्वी कागदी प्लॅन पसरलेला असे. तिकीट विकलं की खुर्चीच्या आकड्यावर पेनानं फुली. पण नेहमीच्या प्रेक्षकाचा फोन आला, ‘दोन ठेवा बाजूला, संध्याकाळी येतो’, की तिथे पेन्सिलीचा बारीक गोल पडे. ती खुर्ची विकलेली नाही आणि मोकळीही नाही. कार्यक्रमांची तिकिटं विकणारं वेब अ‍ॅप बांधताना माझी बहुतेक अक्कल खर्च होते ती या गोलावरच. नाव, तारीख, पोस्टर चढवायचा फॉर्म कुणीही करून देईल.

रविवारच्या प्रयोगाचं बुकिंग उघडतं आणि एफ १२ वर दोघांचं बोट एकाच क्षणी पडतं. दोघांच्याही पडद्यावर ती खुर्ची हिरवी असते, कारण पडदा दाखवतो ती क्षणापूर्वीची बातमी. प्रोग्रामनं आधी ‘मोकळी आहे का?’ विचारलं आणि मग ‘अडव’ म्हटलं, तर या दोन वाक्यांच्या फटीत दुसरा घुसतो. म्हणून डेटाबेसला एका दमात सांगायचं: मोकळी असेल तरच अडव, आणि अडवलीस का ते कळव. शिवाय एका प्रयोगाला एका खुर्चीचं एकच तिकीट, हा नियमही डेटाबेसमध्येच लिहून ठेवायचा. पुढेमागे कुणी कोडात घोळ घातला तरी दुसरं तिकीट निघत नाही.

खुर्ची अडवून ठेवायची ती किती वेळ? आयोजक म्हणतात तीन मिनिटं, मी दहावर अडून बसतो. मराठी नाटकाचा प्रेक्षक पन्नाशीच्या पुढचा; चष्मा आत राहिलेला असतो, ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, आणि ‘पुढची रांग नको, मान दुखते’ ही चर्चा पैसे भरतानाच सुरू होते. कोपऱ्यात लाल आकडे धाववून अशा माणसांना घाबरवणं मला पटत नाही.

खरी पंचाईत दहा मिनिटांनंतरची. यूपीआयचा पिन टाकून माणूस पान बंद करतो. बँकेचा मेसेज येतो, तिकीट येत नाही. पेमेंट गेटवे आमच्या सर्व्हरला परस्पर निरोप धाडतो. तो कधी उशिरा येतो, कधी दोनदा. दोनदा आला तरी तिकीट एकदाच निघावं म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक आधी तपासायचा. उशिरा आला आणि खुर्ची अजून मोकळी असेल तर मुकाट्यानं देऊन टाकायची. गेली असेल तर पैसे त्याच घडीला परतीला लावायचे आणि तसं स्पष्ट मराठीत कळवायचं. शेजारची खुर्ची आपल्या मनानं द्यायची नाही. नवरा-बायकोच्या मध्ये परका माणूस बसतो.

हिशेबाचंही एक. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे आयोजक त्या आकड्याला फार जपतात. आमच्या सेवाशुल्कावर मात्र १८ टक्के लागतोच. म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या ठेवायच्या, आणि त्याही पूर्णांकात, पैशांत. दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणक नेमकी ०.३ देत नाही, आणि चार पैशांचा फरक पडला तरी हिशेबनीस फोन करतोच.

दाराशी वेगळंच जग. नाट्यगृहाच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकिटांची यादी प्रयोगाआधी डोअरकीपरच्या फोनमध्ये उतरवून ठेवतो. एकाच क्यूआरचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर फिरतो आणि चौघं चार तिकिटांऐवजी तेच एक चित्र घेऊन येतात. तेच चित्र दुसऱ्यांदा स्कॅन केलं की डोअरकीपरचा फोन लाल होतो. तेव्हा पडद्यावर खरेदीदाराचं नाव आणि त्याची सगळी आसनं दिसतील अशी सोय मी हट्टानं करून घेतली. डोअरकीपर नाव विचारतो, आसनं पाहतो आणि चौघांना आत सोडतो.