ठराव कागदावर, तळे गावात

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावी पास झाली. चांगले गुण होते. पण महाविद्यालयाने सांगितले, आधी सगळी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या. वडील नाक्यावरचे बिगारी कामगार. त्यांनी मुलीला सांगितले, एक वर्ष थांब.

आम्हाला हे कळले तेव्हा प्रवेशाचे दोनच दिवस उरले होते. आम्ही काय करीत होतो? एप्रिलमध्ये आम्हीच आठ दिवसांत जयंतीची वर्गणी गोळा केली होती. डीजे लावला, मिरवणूक काढली. पण शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असा शासनाचा आदेश आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. एका जुन्या कार्यकर्त्याने तो शोधून दिला. आम्ही त्याची प्रत घेऊन गेलो, लेखी उत्तर मागितले. संध्याकाळपर्यंत प्रवेश झाला. आदेश आधीपासूनच होता. नव्हता तो वाचणारा आणि मागणारा माणूस.

मित्रहो, आपला इतिहास वेगळे काय सांगतो?

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा सरकारी, पैसा रयतेचा. तरी त्याला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला, तरी सरकारने त्याला न्याय दिला नाही. कारण काय, तर बाकीचे लोक नाराज होतील! राज्य इंग्रजांचे, पण शाळेच्या दारात कायदा चालत होता मनूचा. त्या मुलामागे संघटना नव्हती, आवाज उठवणारे वर्तमानपत्र नव्हते. तो एकटा होता.

आता महाड पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 साली मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. पण तळ्यावर जायची कुणाची छाती होत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली, ओंजळभर पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याची किंमतही मोजावी लागली. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला 1937 साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

धारवाडच्या मुलाकडे आणि महाडच्या माणसांकडे न्यायाची मागणी एकच होती. फरक दोन गोष्टींचा होता. महाडमध्ये लोक संघटित होते आणि त्यांचा नेता कायदा शिकलेला होता.

मताच्या अधिकाराचेही तेच. 1919 च्या कायद्याने मत दिले ते मालमत्ता आणि कर पाहून. अडाण्यांना मत कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही चहाच्या टपरीवर भेटतात. 1928 साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. 1950 च्या संविधानाने तो दिला. आपल्या आजोबांना अक्षर येत नव्हते, पण त्यांच्या मताची किंमत जमीनदाराच्या मताएवढीच झाली. तरीही 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता हा विरोध फार काळ टिकू दिला तर लोकशाहीच धोक्यात येईल.

तो विरोध मिटवण्याचे एक साधन होते शाळा. संविधानाच्या कलम 45 ने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण द्यायचे ठरवले होते. मूलभूत हक्क म्हणून त्याला मान्यता मिळाली 2002 च्या घटनादुरुस्तीने आणि कायदा लागू झाला 2010 साली. दहा वर्षांची साठ झाली. यात किती पिढ्यांचे शिक्षण बुडाले, याचा हिशोब कोण देणार? सरकारला आपण जाब विचारलाच पाहिजे. पण आपण स्वतः किती वेळा विचारला, हेही तपासले पाहिजे.

म्हणून आम्ही यंदा एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. दर रविवारी विहारात दोन तास शिष्यवृत्ती, वसतिगृह, जात प्रमाणपत्र, प्रवेश यांचे नियम आम्ही एकत्र बसून वाचतो. भाषा किचकट असते, कंटाळा येतो, कधी चारच जण येतात. ती मुलगी मात्र नेमाने येते आणि आता दुसऱ्यांचे अर्ज तीच भरून देते.

जयंती धूमधडाक्यात करा, आमची ना नाही. पण वर्गणीतला एक वाटा पुस्तकांना, फॉर्मना, मुलांच्या प्रवासभाड्याला ठेवा. प्रत्येक वस्तीत असे ठराव आणि आदेश पडून आहेत. तळ्यापर्यंत चालत आपल्यालाच जायचे आहे.

जय भीम!