गट्टा, पाटवडी आणि सलामी

मुलांच्या शाळेच्या डब्यात सलामी, सॉसेज किंवा हॅम का जातं, याचं उत्तर पोषणात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. ते जातं, कारण ते कापलेलं मिळतं, थंड खाल्लं तरी चालतं, पावातून गळत नाही आणि खारट असल्यामुळे मूल कुरकुर न करता संपवतं. आहारशास्त्रात काम करणारी म्हणून माझं म्हणणं असं, की या चार गोष्टी ज्या पदार्थात नाहीत तो कितीही पौष्टिक असला तरी सलामीची जागा घेणार नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ गुणी खरीच, पण दहा मिनिटांच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून ती खाणं सात वर्षांच्या मुलाला जमत नाही. म्हणून पर्याय शोधताना आधी चकतीचा विचार करावा, जीवनसत्त्वांचा नंतर. चकत्या पडतील असे घरगुती पदार्थ मराठी आणि राजस्थानी या दोन्ही स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. आपण त्यांना डब्याचा जिन्नस मानत नाही, एवढंच.

हे मी जयपूरच्या प्रताप नगरातल्या घरांचा विचार करून लिहिते आहे. सांगानेरजवळ राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली ही मोठी वसाहत. सीतापुऱ्याचं औद्योगिक क्षेत्र आणि विमानतळ दोन्ही जवळ, त्यामुळे नोकरीनिमित्त बाहेरून आलेली कुटुंबं पुष्कळ. इथे लगेच कुणी म्हणेल, की राजस्थानात सलामीचा प्रश्न आहेच कुठे? आक्षेप रास्त आहे. २०१४च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात राज्यातल्या पंधरा वर्षांवरच्या सुमारे ७५ टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. पण सलामी डब्यात जे काम करते ते इथे चीज स्लाइस, गोठवलेली पॅटी आणि सोया नगेट करतात. कापलेलं, खारट, आयतं. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ असतं, शिवाय ते एकजीव राहावं म्हणून घातलेले सोडियमचे क्षारही असतात. मांस नाही म्हणून पाकीट निर्धोक, ही समजूत मला सलामीइतकीच खटकते. सामिष घरांतही गंमत अशी, की काही शाळा डब्यात मांसाहार चालवून घेत नाहीत. मग सलामी सुटीच्या दिवशी येते आणि शाळेच्या दिवशी तिची शाकाहारी बहीण.

आता पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता. तंबाखूही त्याच गटात असल्यामुळे त्या वेळी बराच गोंधळ उडाला. त्या गटाचा अर्थ पुरावा पक्का आहे एवढाच. धोका सारखाच मोठा आहे, असा नव्हे. शिवाय १८ टक्के ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेतली आहे आणि हा मूळ धोका भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. महिन्यातून दोनदा सॉसेज खाणाऱ्या मुलाच्या आईला कर्करोगाची भीती घालणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. माझी हरकत मिठाला आहे. शंभर ग्रॅम हॅम किंवा सलामीत साधारणपणे १००० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. म्हणजे ५० ग्रॅमच्या दोन-तीन चकत्यांतून निदान ५०० मिलिग्रॅम, मिठाच्या हिशेबात सव्वा ग्रॅम. प्रौढ माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची आहे आणि मुलांसाठी ती त्यांच्या आहाराच्या प्रमाणात त्याहूनही कमी. एकट्या डब्यातच प्रौढाच्या मर्यादेचा पाव हिस्सा संपतो. रोज तेवढा खारटपणा जिभेवर बसला की घरची भाजी मुलाला अळणी लागायला लागते, आणि तिथून पुढे आईचा रोजचा झगडा सुरू होतो.

सलामीची चकती बनते तरी कशी? बारीक वाटलेल्या मांसात मीठ घातलं की त्यातली प्रथिनं सुटून चिकट होतात, चरबीला आणि पाण्याला धरून ठेवतात आणि उष्णता मिळाली की घट्ट जाळं तयार होतं. टिकाऊपणासाठी घातलेलं नायट्राइट त्यात गुलाबी रंग टिकवतं आणि बॉट्युलिझम ही घातक अन्नविषबाधा करणाऱ्या जंतूला रोखतं. ते काम खरोखर महत्त्वाचं आहे, म्हणून नायट्राइटला नुसता खलनायक ठरवू नये. बेसनातही याच जातीची क्रिया घडते, फक्त तिथे प्रथिनांच्या जोडीला पिठूळ भाग असतो. ओल्या बेसनाला वाफ किंवा उकळतं पाणी मिळालं, की पीठ फुगतं, प्रथिनं आवळतात आणि थंड झाल्यावर सुरीला दाद देणारा गोळा तयार होतो. राजस्थानातला गट्टा म्हणजे नेमकं हेच. बेसनात दही, तेलाचं मोहन, ओवा, हळद, तिखट घालून घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळकट्या करायच्या, उकळत्या पाण्यात टाकायच्या. वर तरंगून अंगावर बारीक फोड दिसू लागले की काढायच्या आणि निवल्यावर कापायच्या. इथे ते पुढे कढीसारख्या रश्शात जातात. डब्यासाठी रस्सा टाळून त्याच चकत्या तव्यावर थेंबभर तेलात परताव्या. मराठी घराला हे परकं नाही. पाटवडीत वाटीभर बेसन दीड-दोन वाट्या फोडणीच्या पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचं, वाफ आणायची आणि तेल लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. थापताना थर पातळ ठेवला, तर हव्या त्या आकाराचा तुकडा पोळीत किंवा पावाच्या दोन कापांत अगदी सपाट बसतो. कोथिंबीर वडी उकडून तव्यावर भाजली की तीही चालते, सुरळीची वडीही. पण सुरळीची वडी म्हणजे सकाळी साडेसहाचं काम नव्हे, हे कबूल करावं. प्रथिनांचा हिशेब मांडला, तर हरभरा डाळीत शंभर ग्रॅमला २१ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. चाळीस ग्रॅम बेसनाच्या गट्ट्यांतून आठ ग्रॅमच्या वर मिळतात; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला सुचवलेली प्रथिनं सुमारे २३ ग्रॅम आहेत. डाळीत मेथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर, गव्हात उलट. म्हणून गट्टा पोळीत गुंडाळून दिला की दोघांची उणीव भरून निघते.

इथवर मान डोलावणाऱ्यांना एक हिशेब दाखवायलाच हवा. शंभर ग्रॅम बेसनाला अर्धा चमचा, म्हणजे जवळपास तीन ग्रॅम मीठ घातलं, तर चाळीस ग्रॅम बेसनाच्या वाट्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं. सलामीएवढंच! घरी केलं म्हणून मीठ आपोआप कमी होत नाही, आणि पापड-लोणचं सोबतीला आलं तर घरगुती डबा पाकिटालाही मागे टाकतो. म्हणून माझा आग्रह पाव चमच्याचा आहे. खारटपणाची उणीव आंबटाने आणि खमंगपणाने भरून काढावी: दही किंवा आमचूर, भाजलेले तीळ, लसूण आणि शेवटी तव्यावर येणारा तांबूस रंग.

दुसरा आक्षेप पोषणाचा, आणि तो वजनदार आहे. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, डाळीतलं तेवढं घेत नाही; ब-१२ जीवनसत्त्व तर बेसनात नसतंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राजस्थानात पाच वर्षांखालच्या ७१ टक्क्यांहून अधिक बालकांत रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रातही जवळपास ६९ टक्के. अशा वेळी ‘मांस सोडा’ असा सल्ला मी देणार नाही. पाकीट सोडा आणि मांस घरी शिजवा, असं म्हणेन. कोंबडीच्या छातीचा बिनहाडाचा तुकडा आलं-लसूण, मिरी घालून मंद शिजवावा, पूर्ण निवल्यावर धाग्यांच्या आडवा पातळ कापावा. प्रथिनं भरपूर आणि मीठ आपल्या हातात. अंड्याचं पातळ ऑम्लेट गुंडाळून कापलं तर आणखी सोपं, आणि ब-१२ त्यातून मिळतं. शुद्ध शाकाहारी घराने दूध-दह्याचा वाटा दिवसभरात सांभाळावा, डब्यात लिंबाची फोड ठेवावी. लिंबातलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह शोषायला मदत करतं.

उरतो जयपूरचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर जातो, शाळा सकाळची होते, तरी डबा तीन-चार तास दप्तरात असतो. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि घरच्या चिकनला नायट्राइटचा पहारा नसतो. त्यामुळे एप्रिल ते जुलै मी डब्यात चिकन सुचवत नाही. ते थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात तव्यावर परतून कोरडा केलेला गट्टा किंवा भाजलेली वडी. रात्री उकडलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं, सकाळी वाफ येईपर्यंत परतावं आणि निवल्यावरच झाकण लावावं, नाहीतर साचलेल्या वाफेचं पाणी होऊन सगळं आंबतं. यावर ‘त्यापेक्षा पाकीट सुरक्षित’ असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतली २०१७-१८ची साथ आठवावी. पोलोनी नावाच्या आयत्या मांसातून लिस्टेरिया पसरला, हजारांहून अधिक लोक आजारी पडले, दोनशेहून अधिक दगावले. हा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो.

वेळेच्या तक्रारीवर माझ्याकडे फार मोठं उत्तर नाही. गट्टे उकडायला अर्धा तास लागतो आणि पाकीट फोडायला अर्धं मिनिट. हे अंतर मिटत नाही. रविवारी उकडलेले गट्टे फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतात, म्हणजे सोमवार-मंगळवार सुटले. बाकीच्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी चीज स्लाइस गेली तर आकाश कोसळत नाही. उकडण्याचं काम घरातल्या एकाच बाईवर पडलं तर मात्र हा बेत दोन आठवडेही टिकत नाही. गट्टे वळायला वडिलांचे हातही चालतात.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायला मनाई केली आहे. घरून आलेल्या डब्यावर असा कुठलाच नियम नाही, नसावाही. म्हणून विनंती वाचकांनाच: पुढच्या वेळी पाकीट हातात घ्याल तेव्हा ते उलटं करून सोडियमचा आकडा बघा. ब्रिटनमध्ये शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असलेला पदार्थ ‘जास्त मिठाचा’ धरतात. तुमच्या पाकिटावर त्याहून मोठा आकडा असेल, तर ते परत फळीवर ठेवा आणि तेवढ्याच पैशांत बेसन घ्या.