जोगवा

माझ्या लहानपणी मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन दारात येणाऱ्या बायका मला अजून आठवतात. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर हळदकुंकू आणि ‘जोगवा वाढा’ अशी आरोळी. माझी आजी त्यांच्या परडीत पसाभर जोंधळे घाली आणि वर त्यांच्या पाया पडे. भिकाऱ्याला भाकरी देतानाही तिने कधी हात आखडला नाही. परंतु त्याच्या पाया मात्र ती पडत नसे. मागणारे दोघेही, मग हा भेद कशासाठी, असे मी तिला एकदा विचारले. “भिकारी आपल्यासाठी मागतो रे, जोगवा देवीसाठी असतो,” एवढेच ती म्हणाली. या उत्तराचा अर्थ पुरता उमगण्यासाठी मला साठी ओलांडावी लागली, आणि तो उमगला तोही एका वीस वर्षांच्या मुलीमुळे!

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी येथील मुलींच्या एका लहानशा वसतिगृहाच्या कार्यकारी मंडळावर काम करू लागलो. कोल्हापूरला वसतिगृहांचे अप्रूप नाही. १९०१ साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने एकेका समाजाने आपापल्या मुलांची सोय केली. दसरा चौकात उभे राहिले की त्यांपैकी काही वास्तू आजही दृष्टीस पडतात. त्या काळी पाठीशी दरबार होता आणि समाजातील चार वजनदार माणसे एकमेकांस ओळखत होती. आता दरबार नाही, आणि आमच्या संस्थेत सर्व जातींच्या मुली असल्यामुळे कोणा एका समाजाचा आधारही नाही. आमचे सारे भांडवल म्हणजे मंडळाच्या सभासदांच्या ओळखी. आणि त्या बहुधा एकाच पेठेतल्या!

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला आणि आमच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी चढले. मुलींचे पाचही संगणक बुडाले. पेठेतल्या ओळखी त्या वेळी काय कामाच्या? ज्यांच्याकडे मागावयाचे त्यांच्याच घरांत चिखल होता. तेव्हा माझ्या चिरंजीवांनी मला ‘लिंक्डइन’चा मार्ग दाखविला. २००३ साली सुरू झालेले हे स्थळ म्हणजे नोकरदारांचा आणि व्यावसायिकांचा चव्हाटा. येथे मनुष्य आपल्या हुद्द्यानिशी आणि अनुभवानिशी उभा असतो. बँकेतील जुने सहकारी, त्यांचे सहकारी, कोणाच्या तरी लग्नात भेटलेले तरुण अशा दीड-दोनशे लोकांशी माझी तेथे सहज गाठ पडली.

मग मी एक हृदयद्रावक मजकूर लिहिला. गच्चीवर ओली पुस्तके वाळत घालणाऱ्या एका मुलीचे छायाचित्र त्यास जोडले आणि खाली लिहिले, ‘या निराधार मुलीचे भवितव्य आपल्या हाती आहे.’ दोन दिवसांत शेकडो हात जोडले गेले. हळहळ उदंड झाली. संगणक मात्र एकही आला नाही.

तिसऱ्या दिवशी ती मुलगीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकणारी, बोलायला मितभाषी. “काका, पुढच्या वर्षी मी याच ठिकाणी नोकरी शोधणार आहे,” ती म्हणाली. “तिथल्या लोकांना माझी पहिली ओळख ही व्हावी का?”

मी निरुत्तर झालो. तिला विचारण्याचेही मला सुचले नव्हते. देवीच्या नावाने निघालेल्या मी त्या मुलीच्या हाती भिकेचा कटोरा दिला होता, आणि तोही भर चव्हाट्यावर! तो मजकूर मी तिच्यादेखतच काढून टाकला. नवा मजकूर तिनेच सांगितला, मी केवळ लेखनिक झालो: वसतिगृहात बावीस मुली आहेत, त्यांना हिशेबाची संगणकीय पद्धत शिकावयाची आहे, शनिवारी सायंकाळी एक तास शिकविणारा जाणकार हवा आणि वापरातून काढलेले पण चालू स्थितीतील पाच संगणक हवेत. त्यात ना छायाचित्र होते, ना अश्रू.

हात थोडेच जोडले गेले. पण सात जणांची उत्तरे आली. त्यांपैकी पाच जण पुढे दिसले नाहीत, दोघे टिकले. एक पुण्याचा हिशेबतपासनीस. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा तो भाचा. आयुष्यात एकदाच पंगतीत माझ्या शेजारी बसलेला. त्याने सबंध हिवाळाभर दर शनिवारी दुरून वर्ग घेतला. दुसऱ्या गृहस्थांनी आपल्या कचेरीतले संगणक पाठविले. ज्यांना मी रोज भेटतो त्यांच्यापैकी कोणीही यांत नव्हते.

हा योगायोग नव्हे, असे पुढे वाचनात आले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिले होते की, दूरच्या ओळखी अनेकदा जवळच्यांहून अधिक उपयोगी पडतात. कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपणांसही ठाऊक असतेच. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटींहून अधिक सभासदांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. नोकरी मिळण्यास सर्वांत उपकारक ठरली ती घरोब्याची ओळख नव्हे आणि अगदी नावापुरतीही नव्हे, तर या दोहोंमधली, असे त्यात आढळले. प्रयोग नोकरीविषयी होता. पण पंगतीतला तो भाचा मला लगेच आठवला.

मात्र ग्रंथांत न सापडणारी एक गोष्ट मी त्या मुलीकडून शिकलो. जवळचा मनुष्य आपली भीड म्हणून देतो. दूरच्याला भीड नसते. त्याला केवळ काम दिसते. म्हणून त्याच्यापुढे दुःख मांडण्यापेक्षा काम मांडावे, आणि आपल्या विद्येचा उपयोग कोठे होईल हे त्याला नेमके सांगावे. मग देणारा दाता राहत नाही, भागीदार होतो. आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

ती मुलगी आता पुण्यात नोकरीस आहे आणि दर शनिवारचा वर्ग तीच घेते. परवा तिने आपल्या लिंक्डइनच्या पानासाठी मजकडे शिफारशीच्या चार ओळी मागितल्या. ‘प्रतिकूल परिस्थितीतून’ एवढे लिहून मी थांबलो आणि ते खोडले. मग लिहिले, ‘हिशेबात चोख. शिकविण्याची हातोटी उत्तम. चूक दिसली तर वडीलधाऱ्यांनाही स्पष्ट सांगते.’

तिचे लगेच उत्तर आले, “काका, शेवटचं वाक्य राहू दे.”

ते मी राहू दिले.