पाळीच्या उतारावर ११० कट्टे

काल धान केंद्रावर नेत होतो. आमच्या सिंदेवाहीकडे तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो, तिथं ट्रॉलीनं ट्रॅक्टरच ढकलला. ब्रेक दाबला तरी सरकत होता. पोरगा मडगार्डवर, खाली वळणावर बैलबंडी. कसाबसा थांबला.

घरी येऊन हिशोब मांडला. ४० किलोचे ११० कट्टे म्हणजे ४,४०० किलो. रिकामी ट्रॉली दीड टन. झाले जवळपास ६ टन! ट्रॅक्टर स्वतः २ टनाचा. चढावर ओढते न भाऊ, म्हणून आपण भरत जातो. पण माझ्या ट्रॉलीला ब्रेकच नाही. सगळं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. ट्रॉलीच्या आरसीत भरलेलं वजन किती चालते ते लिहून असते, मी काल पहिल्यांदा वाचलं.

त्यात कट्टे मागं जास्त रचलेले. त्यानं हूक वर उचलते, चाकांची पकड जाते. अन् बांधीत वळायला मोकळी केलेली ब्रेकची दोन पेडलं जोडायची राहूनच गेली होती. दोन्ही पायाखाली आली म्हणून बरं, एकच दबलं असतं तर ट्रॅक्टर आडवा.

आज ७० कट्टे नेले, वजन थोडं पुढं घेऊन. उतार लागायच्या आधीच दुसरा गिअर टाकला. डिझेल जास्त लागलं, अजून एक खेप बाकी आहे. पोराला घरीच ठेवलं.