छापून तर बघा!

डीबगर नावाचं एक अत्यंत विद्वान सॉफ्टवेअर असतं, असं आपल्याला सेकंड इयरला शिकवतात आणि ओरलला विचारतातही. पण रात्री दोन वाजता होस्टेलच्या रूममध्ये प्रोग्रॅम रुसून बसला की इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हाक कोणाला मारतो? प्रिंटएफला! ‘इथे आला’, ‘इथे पण आला’, ‘१११’, ‘२२२’... लॅबच्या कुठल्याही पीसीवर असे शिलालेख सापडतील. काही जण त्यांना हसतात. मी हसत नाही. फक्त छापायचंच आहे तर वाचता येईल असं छापा, एवढीच माझी विनंती.

लिंक्ड लिस्टचं उदाहरण घ्या. नोडचा पत्ता छापला की स्क्रीनवर सोळाच्या पायातले असे आकडे येतात की सरांनाही घाम फुटावा. त्याऐवजी ‘५ -> ८ -> १२ -> नल’ असं छापणारं चार ओळींचं फंक्शन आधी लिहावं. ट्रीचंही तसंच. आधी उजवी फांदी, मग मूळ, मग डावी फांदी, आणि जितकं खोल तितकी चार-चार जागा सोडून छापायचं. झाड आडवं पडलेलं दिसतं, पण मान डावीकडे कलवली की ते उभं राहतं. एव्हीएल ट्रीचं रोटेशन पुस्तकातल्या बाणांवरून ज्यांना कळत नाही, त्यांना ते या आडव्या झाडावरून कळतं. आमच्या लॅबमध्ये एकदा अर्धी बॅच माना वाकड्या करून बसली होती. लॅब असिस्टंटना वाटलं, एसीचा झोत लागतोय!

जाता जाता एक धोक्याची सूचना. सी मध्ये प्रिंटएफच्या शेवटी नवी ओळ दिली नाही आणि पुढे प्रोग्रॅम कोसळला, तर छापलेला मजकूर बफरमध्येच अडकून राहू शकतो. मग तुम्ही शोधत बसता भलत्याच ओळीत. डीबगिंगचे संदेश स्टँडर्ड एररवर पाठवावेत, तिथे बफर नसतो. आणि जीडीबी वापरणाऱ्या सज्जनांनी ‘सेट प्रिंट प्रेटी ऑन’ एवढं तरी टाइप करावं. स्ट्रक्चरचा एकेक मेंबर स्वतंत्र ओळीवर येतो.

असो. आता मूळ मुद्दा.

आमच्या ग्रुपला फायनल इयरचा प्रोजेक्ट मिळाला तो मागच्या बॅचकडून वारसाहक्काने. गाव आमच्यातल्याच एका मित्राचं. तिथल्या दूध संकलन केंद्राचा हिशोब पायथॉनमध्ये. मशीन दूध तपासतं, लिटर आणि फॅट कॉम्प्युटरला पाठवतं, आणि दर दहा दिवसांनी सभासदांची बिलं निघतात. सभासद साधारण चारशे. मागच्या बॅचने प्रोग्रॅम चालू करून दिला होता, आम्ही फक्त त्यात एसएमएसची सोय करायची होती. म्हणजे खरं तर आराम होता.

पहिल्याच भेटीत एक आजी केंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या. सभासद क्रमांक २३. त्यांचं म्हणणं, बिलात दोन-तीन वेळचं दूध कमी येतं. सचिव तात्या वैतागलेले. “पोरांनो, तुम्हीच सांगा यांना, कॉम्प्युटर चुकत नसतो.” आजी म्हणाल्या, “कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई, मग मी बोलते व्हय?” यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. एका वेळेला चार लिटर, तीन वेळा म्हणजे बारा लिटर. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला बारा लिटर म्हणजे काय, हे हिशोबाच्या वहीत लिहिलेलं नसतं.

मूळ प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी एक लूप होता. क्रमांक आणि एकूण लिटर छापणारा. त्यात २३ दोनदा येत होता, पण चारशे ओळींमध्ये एक इकडे आणि एक पार तिकडे. शिवाय सगळीच यादी आली त्या क्रमाने, कारण पायथॉनची डिक्शनरी ३.७ पासून भरलेल्या क्रमानेच दाखवते. मग आम्ही अख्खी डिक्शनरी एकदम प्रिंट केली. एकच ओळ! ती स्क्रीनवर वळत-वळत खाली गेली आणि कंस कुठला कुठे मिटतो हे बघताना डोळे मिटायला लागले.

पायथॉनमध्ये पीप्रिंट नावाचं मॉड्यूल आहे. प्रेटी प्रिंट. कल्पना जुनीच. लिस्पवाल्यांना कंसांच्या जंगलातून वाट काढायला ती कधीच लागली होती आणि १९८० मध्ये डेरेक ओपेन यांनी ओळी नीट कुठे तोडायच्या याच्या अल्गोरिदमवर शोधनिबंधही लिहिला. पीप्रिंट दोन गोष्टी करतं. ऐंशी अक्षरांत मावलं नाही की ओळी तोडतं, आणि सांगितलं नाही तर डिक्शनरीच्या कीज क्रमाने लावून दाखवतं. ३.८ पासून हा क्रम बंद करायची सोय आहे. कृपया करू नका! आमचं सगळं नशीब त्या क्रमात होतं. खाली प्रत्येक क्रमांकापुढे फक्त नोंदींची संख्या देतोय:

'१०३': २०,
'२२': ३,
'२२ ': १७,
'२३': ३,
'२३ ': १७,

दिसलं? एका २३ च्या मागे एक रिकामी जागा आहे. साधं प्रिंट अवतरणचिन्हं काढून टाकतं, त्यामुळे दोन्ही २३ जुळे भाऊ वाटतात. पीप्रिंट अवतरणचिन्हं ठेवतं, आणि क्रम लावल्यामुळे दोघं शेजारी-शेजारी येऊन उभे राहिले.

पुढचं कोडं दहा मिनिटांत सुटलं. मशीन क्रमांक तीन अक्षरांच्या चौकटीत पाठवतं. १०३ पुरा मावतो, २३ च्या मागे जागा उरते. सभासदांची यादी मशीनमधूनच घेतलेली, म्हणून बिल निघायचं ते जागा असलेल्या २३ चं. पण लाईट गेली की तात्या दूध वहीत लिहायचे आणि नंतर हाताने टाइप करायचे, अर्थातच जागा न सोडता. प्रोग्रॅमला २३ अनोळखी दिसला की तो न कुरकुरता नवीन खातं उघडायचा. एरर नाही, काही नाही. त्या दहा दिवसांत तीन वेळा लाईट गेली होती, तीन नोंदी अनाथ खात्यात. आणि फटका फक्त शंभराच्या आतल्या क्रमांकांना, म्हणजे संस्था सुरू झाली तेव्हाच्या जुन्या सभासदांना. म्हणूनच तक्रार करणारे सगळे म्हातारे होते, आणि म्हातारे म्हणून कोणी ऐकत नव्हतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती: स्ट्रिप. पण जुनी बिलं कोण दुरुस्त करणार? मागच्या सगळ्या फाइली काढून अनाथ खाती ज्याची त्याला जोडली. तात्यांना दाखवायची यादी जेसनमध्ये काढली, इंडेंट चार देऊन. तर सभासदांच्या नावांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि यू-शून्य-नऊची बाराखडी! जेसन डम्प्सला ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स सांगितल्याशिवाय तो मराठी बोलत नाही. सांगितलं, आणि आजींचं नाव नीट देवनागरीत उमटलं.

तात्यांनी ती प्रिंट चष्मा वर-खाली करत पूर्ण वाचली, कंसांसकट. प्रत्येक तारखेपुढे वहीतली नोंद ताडून पाहिली. मग काही न बोलता पेन काढून पहिल्या पानावर ‘फरक देणे’ असं लिहून सही केली. पुढच्या बिलात फरक जमा झाला. एसएमएसची सोय मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री कशीबशी पूर्ण झाली. पहिला मेसेज क्रमांक २३ ला गेला.